दाराबाहेरची पाटी

गुरुजींना हाक मारली, तर ते पहिल्या हाकेला ओ देत नसत. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसऱ्यांदा हाक मारेपर्यंत ते मान खाली घालून हातातलं काम करत राहायचे. मग वळायचे, आधी हाक मारणाऱ्याच्या पायांकडे बघायचे, पावलं सरळ आहेत याची खात्री झाली की चेहऱ्याकडे. मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं. म्हणून मी तिसऱ्यांदा चांगली ओरडले.

"बाई, ऐकू येतं," ते म्हणाले. "ऐकू येतं म्हणूनच थांबतो."

अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट. उन्हाळ्यातही तोच. कोटाच्या दोन्ही खिशांत छुईचे खडे, म्हणजे त्या भागात भिंती सारवायला वापरतात ती पांढरी माती. खडूऐवजी ते तीच वापरत आणि बोलता बोलता मध्येच एखादा तुकडा तोंडात टाकून चघळत. गरोदर बायका माती खातात तशी. गावातल्या बायका त्यावरून त्यांची थट्टा करत. "गुरुजी, कितवा महिना लागला?" असं एकीनं माझ्यासमोर विचारलं होतं. गुरुजी गंभीरपणे म्हणाले, "बाराखडी संपली की बाळंत होणार."

मी तेव्हा नुकती ट्रेनिंग पुरी करून आले होते. लग्न होऊन वर्षाच्या आत माझं कुंकू पुसलं गेलं होतं, आणि गोंदियाजवळ कुडव्याला भावाकडे राहून मी शिकले होते. त्या वर्षी मोठ्या माणसांना साक्षर करण्याची मोहीम निघाली होती. गावोगाव वर्ग उघडले होते, पण बायकांना शिकवायला बाई मिळत नव्हती. म्हणून सडक अर्जुनीच्या पुढे, मोठी सडक सोडून जंगलात शिरणाऱ्या गाडीवाटेवरच्या एका गावी मला धाडलं. गुरुजी तिथे आधीपासून होते. कुठून आले, कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. भंडाऱ्याच्या शाळेतून काढून टाकलं, असं एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, काढलं नाही, तेच उठून चालू लागले.

माझ्याबरोबर सरकारी तक्ते होते. क कमळाचा, ब बदकाचा. गुरुजींनी ते उलगडून पाहिले, पुन्हा गुंडाळले आणि आढ्याला बांधून टाकले.

"चाळिशीच्या माणसाला बदक काय दाखवायचं? त्याच्या घरामागच्या तळ्यात आहेत ती. मोठं माणूस, बाई, दोनच गोष्टींनी शिकतं. लाजेनं, नाहीतर भीतीनं. लाज मी वापरत नाही."

हे शेवटचं वाक्य ते पुष्कळदा म्हणत, आणि लाजेच्या बाबतीत ते अक्षरशः पाळत. कुणाचीही चूक चारचौघांत दाखवायची नाही. पाट्या तपासायच्या त्या माणसं उठून गेल्यावर. पाटी थुंकीनं पुसायची नाही, ती पोरांची रीत. प्रत्येकाला ओला फडका. नांगर धरून बोटं आखडलेल्या गड्याला ते पाटी देतच नसत. आधी ओल्या बोटानं मातीच्या भिंतीवर गिरवायला लावत. ओलं अक्षर पाहता पाहता वाळून जाई. "चुकलं तरी राहत नाही," ते त्याला सांगत, "कुणाला दिसायच्या आत भिंत खाऊन टाकते."

दुसरी गोष्ट म्हणजे भीती. ती त्या गावात आयतीच होती.

तिकडे असं मानतात की दिवेलागणीला जंगलाच्या बाजूनं हाक येते. आपल्याच माणसाच्या आवाजात, आपलं नाव घेऊन. ओ दिली, की ओ देणाऱ्याचं बोलावणं पक्कं. येती अमावास्या तो पाहत नाही. म्हणून जुनी माणसं तिसऱ्या हाकेची वाट बघत. ती वस्तू दोनदाच हाक मारते, असं म्हणत. गुरुजी त्या गावात आले तेव्हा त्यांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. हसले नाहीत. मग जे बोलले, ते मला गावच्या बुधराम पाटलानं सांगितलं. सांगताना पाटलानं आवाज खाली आणला आणि दाराकडे पाठ होती ती भिंतीला लावली.

"गुरुजी म्हनाले, पाटील, तीन मोजाले ते बी शिकलं आहे. म्या विचारलं, मंग आमी करावं काय? तं म्हनाले, त्याले लिवाले कोनी शिकवलं नाई."

त्यानंतर त्या गावात प्रत्येक दाराबाहेर एक पाटी लागली. लाकडी फळी, कोळसा आणि पाल्याचा रस घोटून काळी केलेली; शेजारी सुतळीला बांधलेला छुईचा खडा. दिवस मावळला की कुणी कुणाच्या दाराशी तोंडानं हाक मारायची नाही. बाहेरच्यानं पाटीवर आपलं नाव लिहायचं आणि पाटी दाराखालच्या फटीतून आत सरकवायची. आतल्यानं वाचायचं, मग कडी काढायची. बाहेरून कुणी विसरून हाक मारलीच, तर आतून कडी दोनदा वाजवायची. त्याचा अर्थ, लिही.

मला ट्रेनिंगमध्ये शिकवलेल्या सगळ्या युक्त्या एकीकडे आणि ही एकीकडे. कारण इथे एकट्यानं शिकून भागत नव्हतं. लिहिणारा बाहेर, वाचणारा आत. दोघंही शिकल्याशिवाय दार उघडत नव्हतं. आणि पुस्तक म्हणजे ते गावच; प्रत्येक दारावर त्या घरातल्या एकाचं नाव छुईनं लिहिलेलं. द हवा असला तर देवाजीच्या दाराशी जा, स हवा असला तर सखूच्या. उन्हं कलताना वर्ग भरे आणि गुरुजी सगळ्यांना घेऊन गल्ल्यांतून फिरत. दारं वाचत.

तरी माझी पहिली संध्याकाळ मला अजून आठवते. वर्ग सुटून दिवस नुकताच मावळला होता. मी गल्लीतून चालले होते, आणि दोन्ही बाजूंना माणसं दारांकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून उभी होती. कुणी बोलत नव्हतं. सगळीकडे फक्त मातीचा खडा फळीवर घासल्याचा आवाज. मग एकेक दार किलकिलं व्हायचं, माणूस आत जायचा आणि दार मिटायचं. गल्ली रिकामी झाल्यावरही कुठून तरी तो घासण्याचा आवाज येत होता. मी पळतच घर गाठलं.

एकदा तपासणीला वरचे साहेब आले. बैलगाडीचं चाक निखळलं आणि पोचेपर्यंत अंधारून आलं. साहेबांनी पाटलाच्या दाराशी उभं राहून आरोळ्या ठोकल्या. आतून कडी दोनदा वाजली. गाडीवानानं त्यांना रीत सांगितली. साहेब चिडले, पण खडा घेऊन त्यांनी पाटीवर झोकदार इंग्रजी सही केली आणि पाटी आत ढकलली. आत बुधराम पाटलानं ती उलटी धरली, सुलटी धरली, दिव्याजवळ नेली आणि बायकोला म्हणाला, "हे अक्षर तं भुताचंच आहे वो." दार काही उघडलं नाही. साहेब रात्रभर गाडीत राहिले. सकाळी गुरुजींनी त्यांच्यासमोर हात जोडले आणि अगदी मनापासून म्हणाले, "साहेब, आपण पास केलंत आम्हाला."

गुरुजींचं अक्षर मोठं, ठाशीव, थोडं उजवीकडे कललेलं होतं. मी आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते माझं अक्षर मोडण्याचं. "मोठ्या माणसाला दोन वळणं दाखवू नयेत. त्याला वाटतं, यातलं एक खोटं आहे." रोज दुपारी मला त्यांच्या वळणाचे कित्ते गिरवायला बसवत. पावसाळा संपेपर्यंत माझी पाटी कुठली आणि त्यांची कुठली, हे त्यांनाही सांगता येईना. ते खूश झाले. मी तेवढी खूश नव्हते. भावाला पत्र लिहायला बसले, तर तेही त्यांच्याच अक्षरात उतरलं.

त्यांचा या सगळ्यावर खरंच विश्वास होता, की ही नुसती शिकवायची युक्ती होती? मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "मी शिकवतो, बाई. मानायचं की नाही, ते ज्याचं त्यानं बघावं."

पण एका सकाळी गावाच्या टोकाच्या घरची पाटी बघायला त्यांनी मला बरोबर नेलं. त्या घरातली माणसं नातलगाकडे गेली होती, घर बंद होतं. पाटीवर अक्षर नव्हतं. नुसत्या रेघा होत्या, आडव्या, उभ्या, पुन्हा आडव्या. पुष्कळ. लिहायला न येणारं कुणीतरी लिहून बघत होतं, तसं. गुरुजींनी ते जवळ जाऊन पाहिलं. फडका खिशात असूनही त्यांनी ते कोटाच्या बाहीनं पुसलं.

"शेळीनं शिंग घासलं असेल," ते म्हणाले.

पाटी माझ्या डोक्याइतकी उंच टांगलेली होती. त्या दिवसापासून वर्ग तासभर आधी सुटू लागला.

मी राहत होते भागरताच्या घरी. भागरता माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, काटक, फटकळ. तिचा नवरा दसरू लग्नानंतर थोड्याच वर्षांत मजूर नेणाऱ्या माणसाबरोबर आसामकडे चहाच्या मळ्यांत गेला होता. गेला तो गेला. पुढे त्याच मळ्यातून परतलेल्या एकानं गावात सांगितलं की दसरू तापानं मेला, आपण डोळ्यांनी पाहिला. भागरतानं बांगड्या फोडल्या. देह नव्हता, म्हणून पिठाचा माणूस करून जाळला. तेरवी झाली. हे सगळं गुरुजी गावात येण्याच्या कितीतरी आधीचं.

भागरता वर्गात सगळ्यांत पुढे होती. पण नवऱ्याचं नाव बाई तोंडानं घेत नाही, तो मेल्यावरही नाही. तिला ते वाचता मात्र यायला हवं होतं. हे तिनं गुरुजींना कसं सांगितलं कुणास ठाऊक. त्यांनी तिला देवाजीच्या दाराचा द दाखवला, सखूच्या दाराचा स, रूपाच्या दाराचा रू. वेगवेगळ्या दिवशी. जोडून कधी लिहिले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "जोडायचे की नाही, ते तिचं ती ठरवील."

धान कापून झालं होतं तेव्हाची गोष्ट. दिवेलागणीला भागरता चुलीपाशी होती, मी भाजी निवडत होते. बाहेरून हाक आली.

"भागरता."

तिचा हात तसाच थांबला. पुन्हा हाक आली. पुरुषाचा आवाज, घशात धूळ बसल्यासारखा. तिसऱ्यांदा आली तेव्हा भागरता उठून दाराशी गेली होती. तिनं कडी दोनदा वाजवली.

बाहेर काहीच झालं नाही. मग आवाज म्हणाला, "कडी काऊन वाजवून राहिली वो? खोल ना. मी आलो."

तिनं पुन्हा दोनदा कडी वाजवली.

"थट्टा करून राहिली का? अवो, लय दूरून आलो. पाय चालत नाई."

गल्लीत दारं लागल्याचे आवाज आले. एक, मग त्याच्या पलीकडचं, मग समोरचं. मी उठले आणि कडीला हात घातला. भागरतानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होते.

"नोको बाई," ती माझ्या कानात म्हणाली. "आवाज त्याइचाच आहे. म्हनूनच नोको. म्या त्याइचं सारं केलं. पिठाचा मानूस जाळला म्या. आता जो येईल तो कोन?"

"आणि तेच असले तर?"

ती दाराकडे वळली. कपाळ दाराला टेकवून उभी राहिली, हुंदका बाहेर जाऊ नये म्हणून पदर तोंडात कोंबून. दार उघडलं आणि बाहेर ती वस्तू असली, तर भागरता जाणार. दार उघडलं नाही आणि बाहेर दसरू असला, तर तो तिच्याच दाराशी दुसऱ्यांदा मरणार. दाराच्या त्या बाजूला कुणीतरी खाली बसल्याचा आवाज आला. मी छुईचा एक खडा दाराखालच्या फटीतून बाहेर सरकवला.

"मले लिवता येते का, वो?" तो म्हणाला. आता तो रडत होता. "तुले ठाऊक नाई का?"

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "ओ!"

त्या गावात दिवस मावळल्यावर तो शब्द मी कधीच ऐकला नव्हता. भागरतानं डोळे मिटून घेतले. गुरुजींचा आवाज होता. पावलं जवळ आली. त्यांच्याजवळ दिवा नव्हता. फटीतून उजेड दिसला नाही.

"कोण आहेस?"

"मी दसरू."

"लिहिता येतं?"

"नाई, जी."

"मग बस नीट. मांडी घाल. हात इकडे दे."

आणि त्यांनी शिकवायला सुरुवात केली. आम्ही दोघी आत उभ्या राहून ऐकत होतो. वर्गात बोलत तसंच ते बोलत होते, तितकंच सावकाश. "ही आडवी रेघ. घराची मयाल, आडवी तुळई असते ना, तशी. आता तिच्याखाली दांडी. हं. पुसू नको, राहू दे. हात किती गार आहेत रे तुझे. जरा चोळ. पुन्हा धर." खडा घासत होता, थांबत होता, पुन्हा घासत होता. भागरता त्यांच्या शब्दांबरोबर दारावर आतून बोट फिरवत होती. देवाजीच्या दाराचं अक्षर झालं. सखूच्या दाराचं झालं. तिसऱ्याशी बाहेरचा पुन्हा पुन्हा अडला. गुरुजींचा आवाज एकदाही चढला नाही, पण मधेच कापला, आणि ते थोडे खोकले.

मग दाराखालून पाटी आत आली.

अक्षरं वेडीवाकडी होती, एक लहान, एक मोठं. भागरतानं ती चुलीच्या उजेडात धरली. आणि माझ्यासमोर, आयुष्यात पहिल्यांदा, तिनं ते नाव तोंडानं वाचलं. मग कडी काढली.

उंबऱ्याशी एक म्हाताऱ्यासारखा माणूस बसला होता. दाढी पांढरी, पोट तापानं फुगलेलं, बाजूला गाठोडं. पलीकडे गुरुजी पायरीवर बसले होते. डाव्या हातानं उजवा हात दाबून धरला होता.

सकाळी सगळा गाव दाराशी जमला. दसरूनं सगळ्यांची नावं सांगितली, शेताच्या खुणा सांगितल्या. मळ्यातून परतलेल्या त्या माणसानं तिथे पाहिलेला मेलेला दसरू दुसरा कुणीतरी होता, असं तो म्हणाला. पण बुधराम पाटलाचं त्यावर समाधान झालं नाही.

"नावं तं ते बी सांगते," तो म्हणाला. "आवाज त्याले येते, तं नावं काऊन नाई येनार? गुरुजीनं ओ देल्ली, साऱ्याइनं आयकली. गुरुजी येती अमावास पाहीन, तं हा दसरू. गुरुजी गेला, तं मंग हा दसरू नोहे. मंग आमी याले गावात ठेवनार नाई. आन याले घरात घेनारीले बी."

"पण त्यानं लिहिलं," मी म्हणाले.

"गुरुजीनं हात धरून लिवलं, बाई."

गुरुजी हसले. "म्हणजे परीक्षा माझी आणि पास-नापास दसरू," ते म्हणाले. "चालेल, पाटील."

मी त्यांना नंतर एकटं गाठून विचारलं, तुम्ही ओ का दिलीत. ते म्हणाले, "बाई, दाराशी माणूस बसलाय आणि म्हणतोय, मला लिहिता येत नाही. अशाला मी कधी परत पाठवलंय?"

"म्हणजे तो माणूस आहे हे तुम्हाला माहीत होतं."

"तेव्हा? नाही."

"हात धरलात तेव्हा तरी?"

त्यांनी छुईचा खडा तोंडात टाकला. "हात धरला तेव्हा तर मुळीच नाही," ते म्हणाले.

त्यांना ताप भरू लागला तो त्याच आठवड्यात. तो भाग हिवतापाचा, गुरुजींच्या अंगात तो जुनाच होता. मी शिकलेली बाई, मला यात दुसरं काही दिसायचं कारण नव्हतं. पण गावाला ते दिसलं असतं. म्हणून गुरुजी ताप लपवू लागले. हुडहुडी भरायची वेळ आली की ते वर्ग उन्हात घेत आणि माणसांना ओळीनं भिंतीकडे तोंड करून गिरवायला लावत. कोट होताच. त्यांनी हातात धरलेली पाटी मी उचलली, तर ती शेकोटीजवळ ठेवल्यासारखी ऊन लागायची. भागरता रोज दूध घेऊन येई आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसे. ते दूध तिच्यासमोर संपवत. ती गेली की ओकून टाकत.

एका दुपारी ते मला म्हणाले, "बाई, मला इथे मरता येणार नाही."

त्यांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. वरून आम्हा दोघांच्या बदलीचा हुकूम आला आहे, गुरुजींना आता गावोगाव फिरून वर्ग उघडायचे आहेत, असं मी पाटलाला सांगायचं. अमावास्या व्हायच्या आत निघायचं. "पुढे काय ते तुम्ही बघा," ते म्हणाले. "माझं अक्षर तुमच्याकडे आहे."

निघायच्या दिवशी गाव गोळा झाला. निरोपाला आला होता आणि निरखायलाही. गुरुजी गाडीत बसायला तयार होईनात. गावाच्या वेशीपर्यंत चालत जाणार म्हणाले, आणि वाटेतल्या प्रत्येक दाराच्या पाटीवर थांबून आपलं नाव लिहिणार. माणसं मागोमाग चालत होती आणि त्यांच्या हाताकडे बघत होती. अक्षर कुठेही कापलं नाही. भागरताच्या दाराशी दसरू उभा होता. गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आधारासाठी ठेवला, हे फक्त त्याला आणि मला कळलं. दसरूनं खांदा हलू दिला नाही.

वेशीवर आम्ही परगावच्या गाडीत बसलो; गाडी वळणाआड गेल्यावर ते माझ्या बाजूला कलंडले ते पुन्हा उठून बसले नाहीत. स्टेशनपर्यंत गाडी, तिथून रेल्वे. कुडव्याला भावाच्या ओसरीवर, अमावास्या व्हायच्या आतच ते गेले. शेवटी शुद्ध नव्हती. बाहेर कुणी कुणाला हाक मारली की ओठ हलत, एवढंच. आम्ही चौघांनी त्यांना पोचवलं. मी बाई माणूस, तरी घाटावर गेले. त्यांच्या मागे यायला दुसरं कुणी नव्हतं.

अमावास्या झाल्यावर मी पहिलं पत्र लिहिलं. "बुधराम पाटील यांस आशीर्वाद. मी खुशाल आहे. नव्या गावी वर्ग चांगला चालला आहे. मी फिरतीवर असतो, म्हणून कागद बाईंच्या पत्त्यावर टाकावा." त्यांचंच वळण, थोडं उजवीकडे कललेलं. उत्तर आलं ते पाटलाच्या हातचं: "अक्षर वाचून पाहिलं. समाधान झालं. दसरूले गावजेवणात बसवलं."

मग ही रीतच पडली. धान कापल्यावर एक पत्र आणि मोहाची फुलं पडायच्या वेळी एक. मी गोंदियाला मुलींच्या शाळेत लागले. भागरताला मुलगी झाली. पुढे भागरताच गावात बायकांचा वर्ग घेऊ लागली. काही अडलं की गुरुजींना विचारी, आणि मी गुरुजी काय म्हणाले असते याचा विचार करकरून उत्तर देई. लढाई सुरू झाली, संपली. मी शोक असा कधी केलाच नाही. ज्याची पत्रं आपल्या हातून जातायत त्याच्यासाठी रडायचं कसं, ते मला उमगलं नाही. आता शाळेतल्या मुलींना कित्ता घालून देते तोही त्यांचाच. माझं त्या गावी जाण्याआधीचं अक्षर कसं होतं, ते मला आठवत नाही.

या वर्षी धान कापल्यानंतर भागरताचं पत्र आलं. तिचा लिहिण्याचा हात आता चांगला वळला आहे.

"गुरुजीले नमस्कार. परवा दिवेलागनीले तुमी आले, लय बरं वाटलं. आदी आमी भ्यालो. मंग पाटी आत आली, तुमचं नाव वाचलं, दार खोललं. पोरीनं पाय धरले. ह्याइनं पाट मांडला. तुमी भात खाल्ला, पन कोनासंग एक शबूद बोलले नाई. आमचं काई चुकलं काय? रागावले काय? रातीच निंगाले, थांबा म्हनलं तं थांबले नाई. जीव लागून राहिला आहे. पोचल्याचा कागद टाकजा."

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. कुणी थट्टा केली असेल का, तर त्या गावात ती थट्टा कुणी करणार नाही. भागरताला सगळं आधीच कळलेलं असेल आणि हे तिचं तसं सांगणं असेल का, याचाही विचार केला. पण ती फटकळ बाई आहे. तिला आडून बोलता येत नाही.

खरं कळवलं, तर त्या दिवशी ओ देणारा अमावास्येच्या आत गेला, हे गावाला कळेल. मग दसरू कोण, हा प्रश्न पुन्हा उभा राहील, आणि त्याची पोर कुणाची, हाही. न कळवलं, तर पाटीवर पुन्हा ते नाव आलं की ते पुन्हा दार उघडतील.

मी कागद मांडीवर घेतला. मग टाक शाईत बुडवला.

"सौ. भागरता हिला आशीर्वाद," मी त्यांच्या अक्षरात लिहिलं. "सुखरूप पोचलो. रागावलो नाही. भात गोड लागला."